खिडकीवरचा हात

लग्नकार्यात कुणी विचारलं, "तू नक्की करतेस काय गं?" की मी "आर्किटेक्ट आहे" म्हणून तिथेच थांबायला बघते. पण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग आमच्या प्लॉटवर काढून दे की एखादा प्लॅन!" मग सांगावंच लागतं, की मी प्लॅन काढत नाही. दुसऱ्यांनी काढलेल्या प्लॅनमध्ये मे महिन्यात किती उकडेल, ते बघते. इमारत उभी राहायच्या आधी, कॉम्प्युटरवर. हे ऐकून माझ्या आत्याने एकदा समजल्यासारखी मान डोलावली आणि शेजारच्या बाईंना सांगितलं, "इमारतींची पत्रिका बघते ती."

तेव्हा मी हसले होते. पुढे अनुभवाने कळलं, की आत्या फार चुकली नव्हती. जन्मवेळ चुकीची दिली की पत्रिका कितीही मन लावून मांडा, ती भलत्याच माणसाची होते. आमच्याकडेही तेच. फरक इतकाच, की आमच्याकडे जन्मवेळा शंभरेक असतात. भिंतीची जाडी, काचेची जात, फटींतून येणारा वारा, खोलीत किती माणसं, दिवे किती वाजता लागतात. यातली बहुतेक माहिती ड्रॉइंगवर असते. जी ड्रॉइंगवर नसते, तिने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. ती गोष्ट पुढे येईल.

हे गणित चालतं कसं, ते थोडक्यात सांगते. वर्षाचे तास ८७६०. आम्ही इमारतीचं मॉडेल बनवतो आणि या प्रत्येक तासाचा, खरं तर दर दहा-पंधरा मिनिटांचा, उष्णतेचा जमाखर्च मांडतो. खिडकीतून ऊन आलं, ते जमा. चार माणसं बसलीत, तीही जमा, कारण स्वस्थ बसलेला माणूसही शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता टाकत असतो. रात्रीचा गार वारा आत फिरून गेला, तो खर्च. भिंतीने दुपारी पोटात घेतलेली उष्णता रात्री परत केली, ती पुन्हा जमा. शेवटी शिल्लक काढायची, म्हणजे खोलीचं तापमान मिळतं. आमचा मुख्य गणिती म्हणजे एनर्जीप्लस नावाचा प्रोग्राम. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तो २००१ मध्ये लोकांसाठी खुला केला, आणि तो फुकट आहे. त्याच्या आधी तिथे दोन प्रोग्राम चालायचे, डीओई-२ आणि ब्लास्ट. १९७३ च्या तेलटंचाईने त्या देशाला इमारती किती वीज खातात याची काळजी लावली आणि त्या काळजीतून हे सगळं वाढीला लागलं. या दोन्ही प्रोग्रामांचं उत्तम तेवढं घेऊन एनर्जीप्लस केला. खतावणी जुनीच, कारकून नवा आणि न दमणारा.

हवामान मात्र बाहेरून द्यावं लागतं. त्याची एक फाइल असते आणि तिच्यातलं वर्ष मला फार गमतीचं वाटतं. जानेवारी एका सालचा, फेब्रुवारी दुसऱ्याच सालचा, मार्च आणखी कुठला. प्रत्येक महिना जास्तीत जास्त 'नेहमीसारखा' ज्या साली होता, तिथून तो उचलायचा आणि बारा ठिगळं शिवून एक वर्ष तयार करायचं. असं वर्ष कधीच कुणाच्या वाट्याला आलेलं नसतं, तरी सगळ्यांच्या ओळखीचं वाटतं. आपल्याकडे रोहिणी तापल्या, मृग बरसला, हस्ताने झोडपलं असं म्हणत पिढ्या गेल्या. त्यांच्याही मनात असं एक शिवलेलं वर्षच असणार. या शिवणकामात टोकाचे दिवस गळतात, हे लक्षात ठेवावं लागतं. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. नेहमीच्या वर्षात तो दिवस बसत नाही, कारण तो नेहमीचा नाही. शिवाय नोंदी होतात सोनेगावच्या विमानतळावर, मोकळ्या माळावर. सिमेंटच्या गल्लीत रात्र तितकी गार होत नाही.

आता आमच्या धंद्यातलं दुखणं सांगते. आम्हाला बोलावतात उशिरा. एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरचं रूप, ठरलेलं असतं, क्लायंटने थ्रीडी व्ह्यू पाहून टाळ्या वाजवलेल्या असतात, काचेचा भाव आलेला असतो, आणि मग कुणाला तरी आठवतं, की ग्रीन रेटिंगसाठी, म्हणजे इमारत पर्यावरणाला धरून असल्याच्या प्रमाणपत्रासाठी, सिम्युलेशनचा, म्हणजे याच गणिताचा, रिपोर्ट जोडायचाय. मग आम्ही. पूजा भटजींनी करायची, संकल्प त्यांनीच सांगायचा आणि यजमानाने फक्त 'मम' म्हणायचं, तसं आम्ही 'मम' म्हणून येतो. काच बदलता येते का, बघा. एसी थोडा चांगला घेता येतो का, बघा. इमारत कुठे तोंड करून उभी आहे, हा प्रश्न तेव्हा विचारायचा नसतो. खरं तर उन्हाचा निम्मा निकाल त्याच प्रश्नात लागलेला असतो.

पश्चिमेच्या खिडकीचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. नागपूरचा अक्षांश एकवीस. मे महिन्याच्या उत्तरार्धात, घड्याळ नव्हे तर सूर्य साडेचार वाजवतो तेव्हा, सूर्य क्षितिजापासून साधारण सत्तावीस अंश वर असतो आणि पश्चिमेहून थोडा उत्तरेकडे सरकलेला. चार फूट उंच खिडकीवर आपण नेहमीसारखा दोन फुटांचा छज्जा काढला, तर खिडकीचा वरचा फूटभर भाग सावलीत येतो. खालचे तीन फूट भट्टीसमोर. पूर्ण खिडकी झाकायची तर छज्जा साडेसात फूट हवा. म्हणजे तो छज्जा राहत नाही, व्हरांडा होतो. दक्षिणेच्या खिडकीला मात्र एप्रिलच्या दुपारी तोच दोन फुटांचा छज्जा पुरून उरतो, कारण सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तरीही आपण चारी बाजूंना एकाच मापाचे छज्जे काढतो. एलेव्हेशन सारखं दिसतं म्हणून. या एवढ्यासाठी सिम्युलेशन लागत नाही, कंपासपेटी पुरते. पण कंपासपेटीने काढलेलं उत्तर मीटिंगमध्ये कुणी ऐकत नाही. रंगीत आलेख काढला की ऐकतात. आमच्या रंगीत आलेखांची खरी किंमत बऱ्याचदा तेवढीच असते, हे मी ऑफिसबाहेर सहसा बोलत नाही.

तर ती गोष्ट.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. संस्था जुनी, पैसा मोजका, एसीचा प्रश्नच नव्हता. कूलरही नको, कारण उन्हाळ्यात पाणी टँकरचं. आर्किटेक्ट माझा कॉलेजातला मित्र. त्याने कधी नव्हे ते मला पहिल्या स्केचच्या दिवशीच फोन केला. 'मम' म्हणायला नव्हे, संकल्पालाच. मला इतका आनंद झाला, की फी किती ते विचारायचंच राहिलं.

एसी नसलेल्या इमारतीत विजेची युनिटं मोजण्यात अर्थ नसतो. मोजायचे असतात तास. माणसाला सोसवणार नाही असे तास वर्षात किती? सोसवणं कशाला म्हणायचं, यावर भारतात चांगलं काम झालंय. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये लोकांना प्रत्यक्ष त्यांच्या ऑफिसांत जाऊन विचारून एक मॉडेल मांडलं, इमॅक. नैसर्गिक वारा असलेल्या इमारतीसाठी त्याचं सूत्र सोपं आहे: बाहेरच्या महिनाभराच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणायचं आणि १२.८३ मिळवायचे. बाहेरची सरासरी ३१ असेल, तर आत साडेएकोणतीस डिग्री माणसाला बरं वाटतं आणि त्याच्या वर-खाली सव्वादोन-अडीच डिग्री चालून जातं. म्हणजे बत्तिसाच्या आसपासपर्यंत. एसी चोवीसवर लावून गोधडी पांघरणाऱ्यांना हे खरं वाटत नाही. पण ज्याला बाहेरच्या हवेची सवय आहे, त्याचं शरीर ऋतूबरोबर सरकतं. लहानपणी एप्रिलमध्ये कौलारू शाळेत बसलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या स्केचमध्ये मधे कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या होत्या. प्लॉट रस्त्याच्या कडेने उत्तर-दक्षिण लांब, त्यामुळे निम्म्या खोल्या पूर्वेला, निम्म्या पश्चिमेला. मी मॉडेल केलं, चालवलं, आणि पश्चिमेच्या खोल्या छान निघाल्या. पूर्वेच्याही. मला शंका यायला हवी होती. दोन दिवस मी त्या आकड्यांवर खूश होते, मित्रालाही कळवून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की मी कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर धरली होती. मित्राने मात्र रस्ता कागदावर सरळ दिसावा म्हणून प्लॅन फिरवून काढला होता, उत्तरेचा बाण एका कोपऱ्यात बारीकसा. नव्वद अंशांची चूक. आकडा फार गोड आला की आधी बाण बघायचा, हे त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात भिंतीवर लिहिलेलं आहे.

बाण सरळ केल्यावर पश्चिमेच्या वरच्या मजल्याने खरं रूप दाखवलं. मग आम्ही दोघांनी आठवडाभर जे केलं, त्यासाठीच हे शास्त्र आहे असं मला वाटतं. एकेक पर्याय घ्यायचा, चालवायचा, शेजारी शेजारी ठेवायचा. आकडा खरा की खोटा हा प्रश्न तेव्हा दुय्यम असतो. चूक असली तर सगळ्या पर्यायांत सारखीच असते, त्यामुळे कोण कोणाहून बरं, ते कळतं. इमारत फिरवायला प्लॉट देत नव्हता. मग कॉरिडॉर मधून काढून पश्चिमेला नेला आणि तो सात फुटांचा, जाळीचा, उघडा व्हरांडा केला. जवळजवळ वर सांगितलेला साडेसात फुटी छज्जाच, पण चालण्याच्या कामी येणारा. खोल्या सगळ्या पूर्वेला. उत्तर-दक्षिण टोकांना जिना, संडास-बाथरूम, गाद्यांची खोली. संस्थेच्या सेक्रेटरींनी लगेच बोट ठेवलं, की एकाच बाजूला खोल्या म्हणजे खोलीमागे कॉरिडॉर जास्त, खर्च जास्त. बरोबर होतं त्यांचं. त्यांच्यापुढे आलेख ठेवला. मे महिन्यातल्या रात्री अकराचा, कारण नऊ इंची विटेची भिंत दुपारचं ऊन पचवून साधारण सहा-आठ तासांनी आत सोडते. पश्चिमेची भिंत नेमकी झोपायच्या वेळी तापते. सेक्रेटरी बराच वेळ आलेख बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या घरची हीच भानगड आहे तं." व्हरांडा मंजूर झाला.

गच्चीवर वाद जास्त झाला. इन्सुलेशन घालायचं, उलटी मडकी मांडून वर कोबा करायचा, की फक्त पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझॅक? मॉडेलमध्ये तिन्ही पर्यायांची शर्यत लावली. इन्सुलेशन म्हणजे छपराला घातलेली गोधडी. दिवसा ऊन आत येत नाही, पण रात्री आतली ऊब वर निघूनही जात नाही. पांढरी टाइल ऊन आत शिरण्याआधीच परतवते आणि रात्री आकाशाकडे उष्णता सोडायला मोकळी असते. एसी असता तर गोधडी जिंकली असती. इथे, पैशांच्या हिशेबात, पांढरी टाइल जिंकली.

उरला वारा. नागपूरकडच्या मेमध्ये दिवस ४४-४५ चा आणि पहाट २८-३० ची. एवढा फरक म्हणजे देणगीच. दिवसा खिडक्या बंद ठेवायच्या आणि रात्री सताड उघडून भिंती-स्लॅबची सगळी उष्णता धुऊन काढायची. मी वेळापत्रकात टाकलं: रात्री ९ ते सकाळी ७, खिडक्या उघड्या. एक ओळ. की दाबली, आणि तापाचे तास झपकन खाली आले. सगळ्या उपायांत सर्वांत मोठा फायदा त्या एका ओळीचा होता, आणि तिला पैसा लागत नव्हता. रिपोर्टमध्ये मी ती ओळ मोठ्या अभिमानाने पहिल्या पानावर घेतली.

इमारत झाल्यावर दुसऱ्या मे महिन्यात मी मुद्दाम गेले. काडेपेटीएवढे तापमान नोंदवणारे चार लॉगर बरोबर नेले होते, छोट्या पडद्यावर आकडा दाखवणारे. ते दोन मजल्यांवर लावले, आठवडाभराने काढले. दिवसाचे आकडे मॉडेलच्या इतके जवळ होते, की मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. रात्रीचे नव्हते. रात्री दोन वाजता मॉडेल म्हणत होतं एकतीस, लॉगर म्हणत होता साडेचौतीस. रोज. सगळ्या खोल्यांत. वरच्या मजल्यावरच्या मुली गाद्या ओढून व्हरांड्यात झोपत होत्या.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. रात्री आठला वॉर्डनबाई स्वतः फिरून एकेक खिडकी लावून घेत. पूर्वेला रस्ता, रस्त्यापलीकडे पानटपरी. पहाटे वानरांची टोळी येई, ती खिडकीतून हात घालून वह्यासुद्धा नेई. आणि डास. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं असावं, की बाई, खिडक्या उघड्या ठेवायच्या होत्या ना. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ठेवाले मी नाही म्हणत नाही. पण रात्री काही झालं तं लोकं मले विचारतीन. तुमच्या कॉम्प्युटरले नाही विचारणार."

यावर मला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

परतीच्या गाडीत मी तो रिपोर्ट काढून पुन्हा वाचला. सूर्याचा कोन दशांशापर्यंत बरोबर होता. विटेची घनता बरोबर. झोपलेल्या मुलीची उष्णता पाऊणशे वॅट, तीही बरोबर. आणि 'रात्री ९ ते सकाळी ७' या ओळीत मी एक हात गृहीत धरला होता, जो खिडकी उघडेल. तो हात कुणाचा, त्याला कशाची भीती, त्याच्यावर कोण रागावेल, याची नोंद कुठल्याच रकान्यात नव्हती. आणि ही फक्त माझी चूक आहे असंही म्हणवत नाही. घरांसाठीची २०१८ ची जी राष्ट्रीय संहिता आहे, इको निवास, तिच्यात नागपूरसारख्या संमिश्र हवामानात खिडक्यांचा उघडता येण्याजोगा भाग घराच्या चटई क्षेत्रफळाच्या किमान साडेबारा टक्के हवा, असं म्हटलंय. चांगला नियम आहे. पण उघडता येण्याजोगी आणि उघडली जाणारी या दोन खिडक्यांमधे आख्खं गाव असतं.

पुण्यात हिंजवडीला किंवा खराडीला दुपारी बारा वाजता एखाद्या काचेच्या इमारतीत जा. ब्लाइंड खाली, दिवे चालू. मॉडेलमध्ये तिथे दिवे बंद असतात, कारण उजेड भरपूर आहे. प्रत्यक्षात स्क्रीनवर ऊन येतं म्हणून सकाळी दहाला कुणीतरी ब्लाइंड ओढतं, आणि ते पुन्हा वर करायला कुणाचाच हात नसतो. ती जागा सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही.

या सगळ्यावर लोक मला हमखास एक गोष्ट सांगतात, आणि माझा इथे थोडा तोल जातो. "अहो, जुने वाडे बघा. आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं. कुठे होतं सॉफ्टवेअर?" माझं आजोळ नागपुरात महालात होतं. दीड हात जाडीच्या भिंती, वर माळा, माळ्यावर कौलं, मधे अंगण. आता तिथे सहा मजली फ्लॅट-स्कीम आहे. २०२० च्या टाळेबंदीत हाताला काम नव्हतं, तेव्हा मी ते घर आठवणीतून मॉडेल केलं. मापं आईला फोनवर विचारली. ("माजघर किती मोठं होतं?" "बारा पानं बसायची." आमच्या घरात मोजण्याचं एकक हेच.) आणि खिडक्यांचं वेळापत्रकही तिलाच विचारलं.

ते तिने तोंडपाठ सांगितलं. सकाळी साडेनऊला पूर्वेच्या खिडक्या बंद. अकराला सगळ्या. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी, दर तासाने. चारला अंगणावर एक सडा, सहाला दुसरा. सातला खिडक्या उघड्या. पहाटे चारला आजी उठायची, तेव्हा मागचं दार उघडायची, की गार वारा आरपार. हे सगळं घातल्यावर घर अप्रतिम चाललं. बाहेर ४४ असताना माजघर ३३-३४ च्या वर जाईना. मग मी तेच घर, त्याच भिंती, तीच कौलं ठेवून फक्त वेळापत्रक बदललं. नवरा-बायको दोघं नोकरीला, सकाळी नऊला कुलूप, संध्याकाळी साडेसातला उघडायचं, रात्री चोरांच्या भीतीने पुन्हा बंद. वाड्याची सगळी पुण्याई दोन-तीन रात्रींत संपली. जाड भिंती एकदा तापल्या की तापूनच राहिल्या. जाड भिंत उपकारही सावकाश करते आणि सूडही सावकाशच घेते.

म्हणजे वाडा थंड नव्हता. वाडा थंड ठेवला जात होता. आजी, आई आणि एक काकू, असे सहा हात दिवसभर त्या कामावर होते, आणि त्याला कुणी काम म्हणत नव्हतं. आजोबा दुपारी कचेरीत. कूलरसमोर. आईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाण्याच्या बादल्या धर ना त्यात. विहिरीवरून आणायचो." मी नाही धरल्या. एनर्जीप्लसमध्ये बादल्यांना रकाना नाही.

वसतिगृहाचं मॉडेल मी त्यानंतर पुन्हा उघडलं. या वेळी पहिल्याच ओळीत लिहिलं: खिडक्या रात्री बंद. वॉर्डनबाईंचं म्हणणं हीच अट धरली आणि विचार केला, की कुणाच्याही हाताशिवाय रात्रीची हवा आत कशी येईल. उत्तर नवीन काहीच नव्हतं. खिडकीच्या वर, बीमखाली, फूटभर उंचीचे झरोके. बाहेरून लोखंडी जाळी, आतून डासांची, तिरक्या पट्ट्या अशा, की रस्त्यावरून आतलं काही दिसणार नाही. लावायला कडी नाहीच. समोर दाराच्या वर व्हरांड्याकडे तसेच झरोके, आणि जिन्याच्या वरच्या खोलीत एक मोठा एक्झॉस्ट पंखा, टायमरवर. रात्री साडेआठला आपोआप सुरू, सकाळी सहाला बंद. पंखा हवा वर ओढतो, म्हणून झरोक्यांतून बाहेरची आत येते. डासांची जाळी निम्मा वारा खाते, तेही या वेळी धरलं. मॉडेल म्हणालं, एकतीस विसरा, बत्तीस-तेहतीस मिळेल. मे महिन्यात दिवसा झरोक्यांतून गरम हवा येणार, त्याचा तोटाही आकड्यात दिसत होता. सोसण्यासारखा होता, कारण दिवसा मुली कॉलेजात असतात. हे मात्र मी या वेळी विचारून घेतलं. परीक्षेच्या काळात त्या दिवसाही खोलीत असतात, असं बाईंनी सांगितलं, तेव्हा झरोक्यांना बाहेरून तीन महिन्यांसाठी अडकवायच्या बांबूच्या चिका, म्हणजे पडदे, ठरवल्या. त्या चिका कोण ओल्या करणार, असं मित्राने विचारलं. कुणीच नाही, म्हटलं. कोरड्याच धर.

संस्थेकडे मी गेले ते खाली मान घालून. आधीचा रिपोर्ट चुकला होता, आणि तो चुकल्याचं सांगायला मीच आले होते. सेक्रेटरींनी खर्च विचारला, दोन दिवस मागितले आणि हो म्हणाले. भिंती फोडून झरोके काढायचं काम दिवाळीच्या सुट्टीत झालं. बांधतानाच काढले असते तर गवंड्याची एका दिवसाची मजुरी लागली असती.

लॉगर मी तिथेच ठेवले. बाईंना त्यांचा आकडा वाचायची सवय लागलीय. मे उजाडला की आठवड्यातून एक-दोनदा त्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. मागच्या आठवड्यात रात्री सव्वाअकराला एक आला, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचा. फ्लॅशमुळे आकडा पांढराफटक पडला होता, पण वाचता आला. ३२.६. खाली त्यांनी लिहिलं होतं, "आज आतच झोपल्या सगळ्या."